मूळपुरुषाचे शस्त्र आणि कल्याणची सोयरीक

चैत्र शुद्ध पंचमीला सकाळच्या आगगाडीने आम्ही बोरीबंदराहून निघालो. भावोजी (माझे थोरले दीर), इकडची स्वारी (म्हणजे माझे यजमान), मी, आमची दहा वर्षांची ठकू आणि मूळपुरुषाचे शस्त्र. शस्त्राला खिडकीजवळची जागा मिळाली. ठकू माझ्या मांडीवर बसली, त्यामुळे भायखळा गेल्यापासून माझे पाय माझे राहिले नव्हते.

मी चार यत्ता शिकले आहे. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही; जे बोलायचे राहते ते मी ठकूच्या जुन्या वह्यांतल्या कोऱ्या पानांवर लिहिते. अलिबागेची माझी बहीण ते वाचते आणि वाचून जाळते असे कळवते. ती जाळत नाही हे मला ठाऊक आहे.

या प्रवासाचे खापर अमेरिकेवर फोडले पाहिजे. भावोजी कोटातल्या (फोर्टातल्या) एका अमेरिकन साहेबाच्या पेढीत कारकून आहेत. त्या साहेबापाशी त्याच्या घराण्याचे छापील पुस्तक आहे. पहिला पूर्वज कोणत्या जहाजातून त्या देशात उतरला, कोणत्या गावी राहिला, कोणता मुलगा रानातून वाट काढीत आणखी पुढे गेला, सगळे त्यात आहे म्हणे. ते पुस्तक पाहिले त्या दिवशी भावोजी घरी येऊन जेवले नाहीत.

"कालपरवा जहाजातून उतरलेल्या लोकांची पुस्तके निघतात," ते म्हणाले, "आणि आपण घोड्यावरून उतरलेले! आपले एक पान नाही?"

आपण घोड्यावरून उतरलो हे आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. मूळपुरुष गुजराथेकडून एका राजाबरोबर आला. राजाचे नाव दर खेपेस वेगळे असते, घोडा मात्र नेहमी पांढरा असतो. त्याचा पुरावा म्हणजे देवघरातले शस्त्र. ती एक जाड लाकडाची फळी आहे, दीड हात लांब, मध्ये दांडा बसवायचे भोक, आणि खालची कड झिजून अगदी पातळ झालेली. दांडा कधीच नाहीसा झाला. भावोजी कधी म्हणतात ती ढाल आहे, कधी म्हणतात गदा आहे. पाहुणा कोण आला आहे यावर ते अवलंबून. फळीच्या कोपऱ्यात तीन खाचा आहेत. त्या मूळपुरुषाने जिंकलेल्या तीन लढाया. हरलेल्या लढायांच्या खाचा कोठे आहेत, असे ठकूने एकदा विचारले होते. तिला त्या दिवशी खीर मिळाली नाही.

आमच्यात नवी सून उंबरठा ओलांडून आली की तिच्या ओंजळीत खडे मीठ घालतात. तिने ते शस्त्रापुढे ओतायचे आणि ओल्या तळव्याने भोवती फिरवीत फिरवीत ढीग करून त्याला वर टोक काढायचे. टोक मोडले तर पुन्हा. मला तीनदा करावे लागले होते, आणि सासूबाई म्हणाल्या होत्या, "हाताला वळण नाही." या मिठाचा अर्थ भावोजी असा सांगतात की आम्ही खाल्ल्या मिठाला जागणारे, राजाचे निमकहलाल सरदार. ते शस्त्र धुवायचे ते सुनेच्याच हाताने. जाऊबाईंचे पाय सुजलेले, म्हणून माझी नेमणूक झाली.

पण मला नेण्याचे खरे कारण ठकू होती. कल्याणच्या एका मोठ्या घराण्याने तिला मागणी घातली होती. नवरामुलगा, म्हणजे मुलगा म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, बत्तीस वर्षांचा. त्याची पहिली बायको गेल्या श्रावणात बाळंतपणात गेली. ती चौदा वर्षांची होती. हे सर्व जण तिथीसारखे सांगत, आणि पुढच्या वाक्यात त्यांच्या आमराईचे वर्णन सुरू होई. त्या घरची अट एकच होती: कुळाची वंशावळ आणि ते शस्त्र घेऊन या, पटले तर तिथेच सुपारी फोडू, वैशाखात लग्न.

मी इकडे एकदा म्हणाले, "एवढ्यात नको हो."

इकडून छताकडे पाहून उत्तर आले, "दादांनी शब्द दिला आहे."

तेव्हा मी पुन्हा बोलले नाही. पण ठाण्यापर्यंत मी मांडीवरचे ओझे तोलीत होते आणि मनात म्हणत होते, वैशाखाला उरले किती दिवस.

ठाण्याला तळ्याजवळ नानाभटांच्या घरी उतरलो. त्यांच्या घराण्यात जुन्या वह्या आहेत आणि आसपासच्या कुळांची माहिती त्यांतून काढून ते वंशावळी लिहून देतात. माजघरात मला आणि ठकूला ओले खोबरे घातलेले पोहे मिळाले, फार चांगले होते. मधले दार लोटलेले होते, पण नीट लागत नव्हते. अशा दारांवर माझे अर्धे शिक्षण झाले आहे.

"पूर्वज कोठून हवेत?" नानाभटांनी विचारले.

"हवेत म्हणजे?" भावोजी म्हणाले. "आले कोठून ते पाहा."

"तेच ते. पाहतो. गुजराथेकडून आलेले चालतील की उत्तरेकडून? उत्तरेकडच्यांना चार दिवस जास्त लागतात."

"गुजराथ. आणि घोडा."

"घोडा असतोच," नानाभट म्हणाले.

मग शस्त्र समोर ठेवले गेले. भटजींनी पूजेसाठी कुंकवाचे बोट पुढे केले, तोच भावोजी एवढ्याने ओरडले की परसातला कावळा उडाला.

"तांबडे लावायचे नाही! आमच्या कुळात याला हळदही नाही, कुंकूही नाही. तांबडे लागले की शस्त्राला रक्ताची आठवण होते."

हे खरे आहे. त्याला कुंकू लावीत नाहीत, आणि ते गुंडाळतात तेही पांढऱ्या लुगड्याच्या तुकड्यात. शूराचे शस्त्र लुगड्यात कशाला, हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलेला मला आठवत नाही. मीही नाही.

दुपारपर्यंत वंशावळ तयार झाली. चार दिवसांचे काम चार तासांत. घराणे तसे सोपेच असावे. लांबलचक कागदावर सोळा पिढ्या, सोळा पुरुष, प्रत्येकाच्या नावामागे राव. एकालाही आई नव्हती. भावोजींनी ती दोनदा मोठ्याने वाचली आणि उपरण्याने डोळे पुसले. शेवटी नानाभटांनी बोट ठेवले: "खाडीपलीकडे, कळव्याच्या बाजूला, तुमच्या मूळपुरुषाची गढी होती असे आमच्या वहीत आहे. अवशेष सापडावेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बंदरावरून तरीने (माणसे पलीकडे नेणाऱ्या होडीने) खाडी ओलांडली. भावोजी होडीच्या टोकाला उभे होते, शस्त्र छातीशी धरून.

"शेट, खाली बसा," तरवाला म्हणाला.

"आमचे पूर्वज घोड्यावर उभे राहत."

"तो घोरा व्हता. ही होरी हाय."

भावोजी बसले.

पलीकडे गढी नव्हती. मिठागरे होती. नजर पोचेल तिथवर खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याची खारी दलदल, त्यात पाण्याचे चौकोनी वाफे, आणि वाफ्यांच्या कडेने मिठाचे पांढरे ढीग. ऊन त्या मिठावरून उलटून डोळ्यांत जात होते. माणसे गुडघ्यापर्यंत पाण्यात उभी राहून काहीतरी ओढीत होती. वाऱ्याला ओल्या मातीचा वास होता. भावोजींनी कपाळावर हात धरून चहूकडे पाहिले आणि समुद्राचे पाणी अडवण्यासाठी घातलेल्या लांब मातीच्या बांधाकडे बोट केले.

"तट!" ते म्हणाले.

"तो बांध दिसतो, दादा," इकडून हळूच म्हणणे झाले.

"आज बांध दिसतो. तेव्हा तट होता."

तटावर चढून गढीची लांबी मोजायची म्हणून ते पुढे गेले. वाफ्याच्या कडेला हिरवट माती होती. ज्याने एकदा खाजण पाहिले आहे तो त्या मातीवर पाय ठेवणार नाही. भावोजींनी दोन्ही पाय ठेवले. मांड्यांपर्यंत ते शांतपणे खाली गेले. मग त्यांनी शस्त्र चिखलात रोवले आणि त्याचा आधार घेऊ लागले, तेव्हा शस्त्रही खाली जाऊ लागले. सोळा पिढ्यांत प्रथमच ते युद्धात उतरले असावे.

एक म्हातारी कासोटा मारलेली, काळीसावळी, पाण्यातून सरसर चालत आली. तिने भावोजींना बगलेत धरून ज्या सहजतेने उपटले, ते पाहून मला मुळा आठवला. भावोजी तिच्यावरच रागावले. "सोड! मला धरू नकोस!"

"सोरते," ती म्हणाली आणि तिने सोडले. ते पुन्हा गुडघ्यापर्यंत गेले. मग त्यांनीच हात पुढे केला.

तिच्या मुलाने भावोजींना दूरच्या विहिरीवर धुवायला नेले. इकडची स्वारीही धोतर सावरीत मागे गेली. मी, ठकू आणि म्हातारी बांधावर उरलो. शस्त्र तिच्या हातात होते. लुगड्याचा तुकडा चिखलात हरवला होता. तिने फळी वाफ्यातल्या पाण्यात घालून हलवून धुतली, उलटून पाहिली, झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग काहीही न विचारता बांधावर पडलेला एक लांब दांडा उचलला, फळीच्या भोकात ठोकून बसवला आणि वाफ्यात टाकून ओढला. तळाचे मीठ पाण्याखालून सळसळत, फळीपुढे जमत, पांढऱ्या रेघेसारखे कडेपर्यंत आले.

"बरी हाय अजून," ती म्हणाली. "जुनं लाकूर. कोनाची फली ही, बाय?"

ठकू म्हणाली, "आमच्या मूळपुरुषाची."

"कोनाची?"

तिने ओढलेले मीठ काठावर घेतले, ढीग केला, तळवा पाण्यात बुडवला आणि भोवतीने फिरवीत फिरवीत वर टोक काढले. पाहता पाहता माझा उजवा हात पदराआड आपोआप हलला. तेच वळण. मग मीच खाली बसले, शेजारचे मीठ ओढले आणि तिच्या ढिगाशेजारी एक लहान ढीग केला. टोक काढले. ते मोडले नाही.

म्हातारी टक लावून पाहत राहिली. तिने आपली फळी पाण्यातून काढून माझ्यासमोर धरली. तिच्या कोपऱ्यात दोन खाचा होत्या.

"दोन खाचांचं घर आमचं," ती म्हणाली. "आगरात समद्यांच्या फल्या एके ठायी परतात (पडतात), मंग कोनाची कंची कलायला खाचा पारायच्या. एक खाच पाटलाची, दोन आमची. तीन म्हंजे वरल्या बांधावरचं घर. ते घर आता नाय."

"कोठे गेले?" मी विचारले. अनोळखी माणसाला मी आपणहून विचारलेला हा माझ्या आठवणीतला पहिला प्रश्न.

"माजी सासू सांगायची, तिला तिची सासू. एका उधानाला (मोठ्या भरतीला) बांध फुटला. त्या घरचा दादला (नवरा) बांध धराया गेला तो पान्याबरोबर गेला. बायकोचं कपाल पांढरं झालं. दोन पोरं काखेत आन् फली खांद्यावर, अशी ती मुंबईच्या आगरांकडं चालत निंगाली. लोक बोलले, फली कशाला नेतस, जर (जड) हाय. ती बोलली, हात रिकामे दिसले तं मना काम कोन देल? मंग गेली. माघारी आयली नाय."

कपाळ पांढरे झाले. म्हणून कुंकू नाही. म्हणून लुगडे, आणि तेही पांढरे. मला एकदम इतके हसू आले की रडूच आले. आमचा मूळपुरुष बाई होती. घोडा नव्हता, ती पायी गेली.

"तिचे नाव काय होते?"

"नाव?" म्हातारी हसली. तिला पुढचे दात नव्हते. "सुनांची नावं कोन ध्यानात ठेवतं, गो? तीन खाचांची म्हनायचे तिला."

तिने फडक्यातली तांदळाची भाकरी आणि कैरी काढली, कैरी दगडावर फोडली, त्या ताज्या मिठात बुडवून ठकूच्या हातात दिली. हे चालते की नाही याचा विचार मी करीपर्यंत ठकूने खाल्ली होती. मग मीही खाल्ली. इतकी चांगली कैरी मी खाल्लेली नाही. निघताना तिने दांडा काढून फळी माझ्या हातात दिली आणि मूठभर खडे मीठ माझ्या पदरात टाकले.

"वरल्या बांधावरची सून तू," ती म्हणाली. "रित्या ओटीनं कशी धारू (धाडू)?"

भावोजी विहिरीवरून आले ते दुसऱ्याच्या आखूड पंच्यात, पण चेहऱ्यावर तेज होते. गढीचा बुरूज त्यांना विहिरीजवळ सापडला होता. इकडून मला मागाहून कळले की ती चुन्याची भट्टी होती.

कल्याणची गाडी तिसऱ्या प्रहरी मिळाली. मुंब्र्याच्या बोगद्यात अंधार झाला तसे ठकूने माझ्या कानात विचारले, "आई, काकांना सांगायचे?" मी म्हणाले, "नाही." पुढे डोंबिवलीला गाडी थांबली. चार घरे, भाताची कापलेली शेते आणि पेंगणारा बैल एवढेच दिसले. भावोजी म्हणाले की हे गाव मूळपुरुषाला इनाम होते. गाडी जितकी हळू जाई तितकी गावे आमच्या घराण्याला मिळत. कल्याण येईपर्यंत आम्ही बरेच मोठे जहागीरदार झालो होतो.

मी मात्र फळी मांडीवर घेऊन हिशेब करीत होते, पैशांचा नव्हे. हे कल्याणकरांना कळले तर सोयरीक मोडेल. पण बाहेर फुटले तर ठकूचीच काय, जाऊबाईंच्या दोन्ही मुलींचीही वाट बंद होईल, आणि आमच्या पंक्तीला कोणी बसणार नाही. तोंड उघडले तर आग, न उघडले तर वैशाख. कल्याणच्या खाडीवरचा किल्ला दिसू लागला तेव्हा मला एक गोष्ट सुचली. पंक्तीचीच.

त्यांचे घर तळ्याच्या अंगाला, दुमजली. आमचे स्वागत चांगले झाले. त्या संध्याकाळी एक पंगत झाली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरी. दोन्ही वेळा मी पदर खोचून वाढायला पुढे झाले. विहीणबाईंना (अजून झाल्या नव्हत्या, पण सर्व जण तसेच म्हणत) माझे फार कौतुक वाटले. मी वरण वाढले, भात वाढला, नवऱ्यामुलाला तूप वाढले. त्याने मिशा बाजूला धरून जेवायची सोय केली होती. जेवता जेवता त्याने ठकूला विचारले, "वाचता येते का?"

"येते," ठकू म्हणाली. "तिसरीत आहे."

"मग आता पुरे," तो म्हणाला आणि ताक मागितले.

जेवणे आटोपल्यावर ओसरीवर वंशावळ उलगडली गेली. नवऱ्यामुलाचे वडील शस्त्र हातात घेऊन पाहत होते.

"वजन आहे," ते म्हणाले. "पूर्वीचे मनगटच वेगळे. हे असे फिरवीत असतील, नाही?"

त्यांनी ते डोक्यावरून फिरवले. टांगलेली हंडी थोडक्यात वाचली.

"असेच," भावोजी म्हणाले. "फक्त घोड्यावरून."

आत बायकांचे चैत्राचे हळदीकुंकू होते. गौर बसवलेली, आंब्याची डाळ, विठ्ठलवाडीकडच्या त्यांच्या वाडीतल्या कैऱ्यांचे पन्हे. शेजारणी येऊन गेल्या. शेवटी विहीणबाई आणि मी अशा दोघीच राहिलो. त्या जाड पाटावर टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "पुरुषांचे कागद पुरुष पाहोत. मी कुळाचाराची परीक्षा करते. तुमच्यात सून घरात आली म्हणजे काय करता?"

मी उठले. रिकामे ताट घेतले, पदराची गाठ सोडून कळव्याचे मीठ त्यात ओतले, पन्ह्याने नव्हे तर साध्या पाण्याने तळवा ओला केला आणि ढीग करून टोक काढले.

"अगबाई, सुरेख!" त्या म्हणाल्या. "याचा अर्थ काय?"

"मिठागरात असाच ढीग करतात," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "बाहेर ते शस्त्र आहे ती मीठ ओढायची फळी आहे. आमची मूळ आजी कळव्याच्या आगरात मजुरीला होती. काल तिथे ओळख पटली."

विहीणबाईंच्या हातातले पन्हे तोंडाशी थांबले. त्यांनी ते खाली ठेवले.

"ओसरीवर ठाऊक आहे?"

"नाही. आपल्याला आणि मला."

"आम्ही तुमच्या हातचे जेवलो."

"हो."

"दोन वेळा."

"हो. वरण आपण पुन्हा मागितलेत."

त्यांनी दाराकडे पाहिले, गौरीकडे पाहिले, मग माझ्याकडे. इतक्या रागाने माझ्याकडे कोणी पाहिलेले नाही, आणि इतक्या आदरानेही नाही.

"हे बाहेर गेले तर प्रायश्चित्त आम्हालाच पडेल," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच मी जेवणे होईपर्यंत थांबले," मी म्हणाले.

त्यांनी डाळीची वाटी दूर सारली, पदर सावरला आणि मोठ्या आवाजात, ओसरीला ऐकू जाईल असे म्हणाल्या, "अहो, मुलीची पत्रिका जरा पुन्हा पाहू या म्हणते मी!"

पाव घटकेत ठकूला कडक मंगळ निघाला. आदल्या दिवशी तिच्या पत्रिकेत तो नव्हता. भावोजींनी पुष्कळ वाद घातला, पण त्या घरात मंगळाचा अधिकार विहीणबाईंकडे होता. सुपारी फुटली नाही. निघताना त्यांनी मला खण-नारळ दिला आणि निरोपाचा एकही शब्द बोलल्या नाहीत. मंगळाची बातमी मुंबईपर्यंत जाईल हे मला ठाऊक होते. मंगळाच्या मुलीला आणखी तीनचार वर्षे तरी कोणी विचारणार नाही. तोवर तिच्या किती यत्ता होतील ते मी गाडीत बोटांवर मोजले.

परतीच्या गाडीत भावोजी डोंबिवलीपर्यंत गप्प होते. तिथे तोच बैल तिथेच पेंगत होता. मग ते एकाएकी ताठ बसले.

"मंगळ हा युद्धाचा ग्रह," ते म्हणाले. "आमच्या कुळात मंगळ असायचाच. त्या लोकांना झेपले नाही."

इकडची स्वारी खिडकीबाहेर पाहत होती. थोड्या वेळाने, भावोजींचा डोळा लागलेला पाहून, इकडून म्हणणे झाले, "साहेबाचे ते पुस्तक मीही पाहिले आहे. दादांचा डबा घेऊन गेलो होतो तेव्हा. पहिला पूर्वज पिंपे बांधणारा होता. त्याचा लाकडी हातोडा साहेब टेबलावर ठेवतो, आल्यागेल्याला दाखवतो."

मग इकडून फळीकडे बोट झाले.

"ही फळी एकाच कडेला झिजली आहे. लढाईत असे झिजत नाही."

"मग इतके दिवस बोलणे का झाले नाही?"

इकडून आधी भावोजींकडे पाहणे झाले. मग आवाज आला, "आतल्या खोलीत ताटात मिठाचा ढीग होता. मी पाहिला." आणि इकडच्या स्वारीने ठकूला माझ्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतले, आणि माझे पाय मला परत मिळाले. हा काही मोठा पराक्रम नव्हे. पण आमच्या घराण्याच्या मानाने मी तो नोंदवून ठेवते.

खाडीचा पूल आला तसे भावोजी जागे झाले. "उठा, उठा, गढी! नमस्कार करा!" डब्यातल्या दोन अनोळखी माणसांनीही त्यांच्याबरोबर हात जोडले. भावोजींनी तटाला नमस्कार केला. ठकूने आणि मी वाफ्यांतल्या ढिगांना केला. लांबवर कोणी पाण्यात वाकलेले दिसत होते. ती तीच म्हातारी होती की दुसरी, ते कळले नाही.

घरी आल्यावर मी फळी धुतली आणि नव्या पांढऱ्या फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवली. वंशावळ भावोजींनी दिवाणखान्यात लावली आहे. एके दुपारी घरात कोणी नसताना मी ठकूची शिसपेन्सिल घेतली आणि सोळा रावांच्या वर, जिथे कागद कोरा होता, तीन बारीक रेघा ओढल्या. नाव मला ठाऊक नाही, नाहीतर नाव लिहिले असते.

भावोजींना त्या आठव्या दिवशी दिसल्या. ते आता पाहुण्यांना सांगतात की तो त्रिशूळ आहे, आणि आमचे कुळ थेट महादेवापासून सुरू होते. पाहुणे हात जोडतात. ठकू माझ्याकडे पाहते. आणि मी, मला बोलता येत नाही हे सर्वांना ठाऊकच आहे, पदर सावरून त्या तीन रेघांना वाकून नमस्कार करते.